पहिल्या हाकेला ओ देऊ नये

वडगावात आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा रात्रीचा आवाज म्हणजे मागांचा आवाज. बेळगावचं वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा पट्टा, घराघरात पॉवरलूम, आणि ते खटाखट खटाखट इतकं सतत चालायचं की काही दिवसांनी ते ऐकूच यायचं बंद व्हायचं. करंट गेला की मात्र कळायचं, अरे, आत्तापर्यंत आवाज होता. सगळी गल्ली एका क्षणात गप्प. त्या गप्पपणात कुणाचं तरी भांडं वाजलं तरी छातीत धस्स व्हायचं. मी पाचवी-सहावीत असेन, नव्वदचं दशक, आणि त्या वर्षी ह्या गप्प गल्लीत रात्री एक बाई फिरते अशी बातमी आली.

बाई दारावर यायची, कडी वाजवायची आणि घरातल्याच कुणाच्यातरी आवाजात हाक मारायची. आईच्या आवाजात, बहिणीच्या आवाजात. दार उघडलं की माणूस संपला. आणि उपाय एवढाच की दारावर लिहायचं, नाळे बा. म्हणजे कन्नडमध्ये, उद्या ये. ती वाचते आणि परत जाते, दुसऱ्या दिवशी येते, परत वाचते, परत जाते. समोरच्या घरातल्या कन्नड अज्जींनी आमच्या दारावर खडूनं ती अक्षरं लिहून दिली. आईला कन्नड वाचता यायचं नाही, पण पावसाच्या झडीनं अक्षरं फिकट झाली की ती स्टुलावर चढून ती वळणं जशीच्या तशी गिरवायची, रांगोळीचे ठिपके जोडतात तसं लक्ष देऊन. त्या काळात कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी, अगदी बंगळूरपर्यंत, दारांवर हे दोन शब्द होते हे मला खूप नंतर कळलं. २०१८ साली एका गाजलेल्या हिंदी सिनेमात हीच युक्ती हिंदीत आली आणि थिएटरात आजूबाजूचे हसत होते तेव्हा मला मात्र आमच्या दाराचा खडू आठवत होता.

मे महिन्यात गावी गेल्यावर मी आज्जीला हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीला जाणाऱ्या रस्त्यावरनं आत. आज्जी भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "ती हाकामारी. आमच्या आईच्या टायमाला बी होती." आणि मग तिनं मला तो नियम सांगितला जो मी आजही, पन्नाशीकडं झुकलेला माणूस, मनातल्या मनात पाळतो. "रात्री नावानं हाक आली तर पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाई. दुसऱ्या हाकंला बी न्हाई. तिला दोनदाच मारता येते. तिसरी आली तर माणूस, मग उठायचं."

तर भयकथा का चालते, का टिकते, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आज मोबाईलवर वाचतानाही मानेवरचे केस का उभे राहतात, ह्यावर मी इतकी वर्षं विचार करतोय आणि दरवेळी फिरून फिरून त्या दारापाशी येतो. खडूच्या अक्षरांच्या दारापाशी.

कारण मला त्या बाईची भीती वाटायचीच नाही. तिचे केस, पाय, दात, हे सगळं वर्गातली पोरं आपापल्या परीनं सांगायची आणि ते ऐकताना मजाच यायची. भीती वाटायची ती आवाज आईचा असणार ह्याची. म्हणजे रात्री खरंच आई बाहेर अडकली असेल, परसातल्या संडासला गेली असेल आणि कडी चुकून आतनं लागली असेल, आणि ती मला हाक मारतेय, आणि मी अंथरुणात तोंड दाबून गप्प पडलोय, असं झालं तर? ह्या विचारानं मला रडू यायचं. एका बाजूला दार उघडलं तर मरण आणि दुसऱ्या बाजूला दार नाही उघडलं तर आईला बाहेर ठेवल्याचं पाप. दहा-अकरा वर्षांच्या पोराला ह्याहून मोठा पेच कुठली कादंबरी घालणार?

मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९१९ मध्ये ह्याच गोष्टीवर एक मोठा निबंध लिहिला. त्यात तो जर्मनमधला 'उनहाइमलिश' हा शब्द धरून बसतो, ज्याच्या पोटात 'हाइम' म्हणजे घर आहे. घरचं असूनही अचानक घरचं न वाटणारं ते. हे मी कॉलेजनंतर कधीतरी वाचलं आणि मला एकदम आईचा आवाज आठवला. परका चेहरा बघून आपण दचकतो, पळतो, विसरतो. पण ओळखीचा चेहरा आणि त्यात एकच गोष्ट चुकलेली, एवढंसं हसू उशिरा आलेलं, ते माणूस विसरत नाही.

ह्याचा पुरावा माझ्याकडं गावातच आहे. आमच्याकडं अस्वलं आहेत. भीमगडचं जंगल, जे २०११ मध्ये अभयारण्य झालं, ते आमच्या शिवारापासून काही लांब नाही, बिबट्या आहे, गवे आहेत, पण लोक खरे घाबरतात ते अस्वलाला, कारण अस्वल सरळ तोंडावर येतं. काजूच्या दिवसांत पहाटे बागेत जाताना माणसं डबा वाजवत जातात. ही खरी, रोजची, अंगावर जखमा असलेली भीती. पण रात्री सोप्यावर गोष्टी रंगल्या की अस्वलाची गोष्ट कुणी भुताच्या गोष्टीसारखी सांगत नाही. अस्वलाची गोष्ट पाच मिनिटांत संपते, कुठं भेटलं, कसं पळालो, किती टाके पडले. त्यात प्रश्न उरत नाही. अस्वल अस्वल आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ह्याउलट तिकटीच्या चिंचेखाली ज्यानं विडीला काडी मागितली तो कोण होता, ही गोष्ट चाळीस वर्षं झाली तरी अजून चालूच आहे.

तिकटी म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. आणि हेच मला सांगायचंय, भुतं कुठं राहतात ते एकदा नीट मोजून बघा. तिकटीवर. गावाच्या शिवेवर. उंबरठ्यावर. विहिरीच्या काठाला. वेळ कुठली, तर तिन्हीसांज, ना दिवस ना रात्र. नाहीतर अमावास्या, एक महिना संपतो आणि दुसरा सुरू व्हायचा असतो. सगळ्या मधल्या जागा, मधल्या वेळा. आपल्याकडं लहानपणापासून सांगतात ती नरसिंहाची गोष्ट घ्या की, हिरण्यकश्यपूला मारायचं तर ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, ना माणसानं ना जनावरानं, म्हणून संध्याकाळी उंबरठ्यावर, अर्धा माणूस अर्धा सिंह. आपण तिला भक्तीची गोष्ट म्हणून ऐकतो, पण खांब फुटून जे बाहेर येतं त्याचं वर्णन ऐकताना लहान मूल आईला चिकटतंच. देव सुद्धा त्या मधल्या जागेत उभा राहिला की भीती वाटते.

आम्ही सीमाभागातली माणसं, आम्हाला ही मधली जागा वेगळी समजावून सांगावी लागत नाही असं मला फार मनापासून वाटतं. बसची पाटी एका भाषेत, कंडक्टरशी बोलणं दुसऱ्या, घरात तिसरीच अशी काहीतरी खानापुरी बोली जी पुण्याच्या पाहुण्याला मराठी वाटत नाही आणि धारवाडच्या पाहुण्याला कन्नड वाटत नाही. हाकामारी आणि नाळे बा ही एकच बाई, पण मराठीत तिची ओळख हाकेवरनं आणि कन्नडमध्ये तिला दिलेल्या उत्तरावरनं. दोन्ही भाषा येणाऱ्या घरांना ती पूर्ण कळली. कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाट उतरला की गोवा, तिकडं तर जुना वेताळ अजून देव आहे, आमोण्याला त्याचं मोठं देऊळ आहे. ज्याची भीती वाटते त्याला शिवेवर बसवायचा, नारळ द्यायचा आणि सांगायचं, बाबा, आता तूच राख. भीतीला घालवून न देता तिला जागा देणं, हे शहाणपण आमच्या बाजूच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसांनी फार आधी कमावलंय आणि मला वाटतं भयकथाही नेमकं तेच करते.

आता सांगणाऱ्याबद्दल. कारण गोष्ट कितीही चांगली असू दे, सांगणारा कच्चा असला की संपलं.

आज्जीला लिहायला-वाचायला येत नव्हतं पण तिच्यासारखी भुताची गोष्ट सांगणारं माणूस मी परत बघितलं नाही. जूनच्या मध्यावर आमच्याकडं एकदा पाऊस लागला की तो थांबायचं नाव घेत नाही, मलप्रभा तिथंच उगम पावते, कणकुंबीला, तेव्हा पावसाचं काय सांगायचं. करंट गेलेला असायचाच. सोप्यावर एक कंदील, कडेला गोणपाटाच्या ओल्या खोळी, चुलीच्या वर टांगलेल्या मिरच्या, आणि आम्ही पाच-सहा पोरं एका कांबळ्यात. ती गोष्ट सुरू करायची ती भुतापासनं कधीच नाही. सुरू करायची म्हशीपासनं. कुणाची म्हैस, किती शेर दूध द्यायची, कुठल्या बाजारातनं आणली, त्या वर्षी भात कसं झालं होतं. आम्ही कंटाळायचो, "आज्जे, भुताचं सांग की." तरी ती घाई करायची नाही. म्हैस हरवायची, माणूस शोधायला निघायचा, वाटेतला एकूण एक दगड आम्हाला माहीत असायचा कारण त्याच वाटेनं आम्ही दुपारी करवंदं खायला गेलेलो असायचो. आणि मग कधीतरी त्या माणसाला म्हशीच्या गळ्यातली घंटी ऐकू यायची. विहिरीतनं.

इथं ती उठायची. चुलीतलं लाकूड आत सरकवायला, नाहीतर उगीच दुधावरचं झाकण बघायला. मिनिटभरच, पण तेवढ्या मिनिटात आम्ही सहा जणांनी सहा वेगवेगळ्या विहिरी तयार केलेल्या असायच्या. परत येऊन ती सांगायची की तो माणूस वाकून बघितला, आणि सकाळी लोकांना विहिरीच्या काठाला बसलेला सापडला, त्यानंतर तो अठरा वर्षं जगला, पण पाणी पिताना डोळे मिटून प्यायचा. झाली गोष्ट. विहिरीत काय होतं? "मला काय माहीत, मी काय बघायला गेले होते काय?"

डोळे मिटून पाणी प्यायचा. मी आजपर्यंत जे काही वाचलंय त्यात असं वाक्य मोजकंच भेटलं. भूत दाखवलंच नाही, फक्त ते बघितलेल्या माणसाची एक सवय दाखवली आणि बाकीचं काम आमच्यावर सोपवलं.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले त्यात भयानक वेगळा आणि बीभत्स वेगळा. एकाचा पाया भय, दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. त्यांचं नातंही त्यांनी सांगितलंय, बीभत्सातनं भयानक उपजतो म्हणून, पण दोन्हींना एक मात्र म्हटलं नाही. आणि मजा बघा, पार दुसऱ्या टोकाला इंग्लंडमध्ये अ‍ॅन रॅडक्लिफ नावाच्या लेखिकेनं जवळपास असाच भेद केला, तिचा तो निबंध ती गेल्यावर १८२६ मध्ये छापला गेला. तिचं म्हणणं असं की एक भीती माणसाचं मन मोठं करते, सगळी इंद्रियं जागी करते, आणि दुसरी त्याला आकसून गोठवून टाकते. पहिली येते अंधुकपणातनं, न दिसण्यातनं. मला हे शंभर टक्के पटतं. आजकालच्या बऱ्याच भयपटांत रक्त, आतडी, अचानक कानठळ्या बसवणारा आवाज, ह्यानं दचकायला होतं हे खरं, पण दचकणं आणि घाबरणं ह्यात फरक आहे. दचकलेला माणूस दोन सेकंदांत हसतो. घाबरलेला माणूस घरी येऊन गॅलरीचं दार दोनदा बघतो.

पुस्तकं माझ्या हातात पडली ती आठवीनंतर. बेळगावात वाचनाची गोडी असलेल्यांना पुस्तकांची कमी कधी नव्हती, सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासनचं, आणि शिवाय गल्लीत पुस्तकं भाड्यानं देणारे होते. तिथंच नारायण धारप भेटले. धारप (१९२५ ते २००८) कसे घाबरवायचे तर पुण्यातली साधी नोकरदार माणसं, सायकल, ऑफिस, रविवारचं जेवण, घर घेण्यासाठी जमवलेले पैसे, सगळं इतकं साधं की आपण बेसावध होतो. मग त्या घेतलेल्या घरात एक खोली जरा जास्तच थंड लागते. आज्जीची म्हैस आणि धारपांचं ऑफिस, काम एकच. त्यांची 'लुचाई' मी नववीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका रात्रीत वाचली आणि नंतर कळलं की ती स्टीफन किंगच्या १९७५ च्या कादंबरीवरनं घेतलेली आहे. मला वाईट नाही वाटलं, उलट नवल वाटलं, की अमेरिकेतल्या कुठल्यातरी लहान गावाची भीती इथं वडगावात मागाच्या आवाजात मला इतकी कशी लागली? मग रत्नाकर मतकरी, त्यांच्या गूढकथांत तर कितीदा भूत असं नसतंच, असतं ते माणसाच्या मनातलं, आणि म्हणून पुस्तक मिटल्यावर सुटका होत नाही. आणि आमच्या बेळगाव जिल्ह्यात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी, धारवाडला इंग्रजी शिकवायचे, त्यांना कुणी भयकथाकार म्हणणार नाही आणि म्हणूही नये, पण त्यांची काही पानं वाचताना मला तोच विहिरीच्या काठाचा गारवा लागतो, की वाकून बघितलं तर परत आधीसारखं पाणी पिता येणार नाही.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ ची. त्यात एक नियम आहे, घरातल्या कुणीतरी आत ये म्हटल्याशिवाय तो रक्तपिशाच्च पहिल्यांदा कुठल्याच घरात शिरू शकत नाही. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बसलो होतो. दार आपल्याला आतनं उघडावं लागतं! हाकामारीला ओ द्यावी लागते, ड्रॅक्युलाला या म्हणावं लागतं, वेताळाच्या गोष्टीत तर विक्रम राजाला नुसतं गप्प राहायचं असतं, तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर, आणि ती गोष्ट अकराव्या शतकात सोमदेवानं काश्मीरमध्ये लिहून ठेवली त्याच्याही आधीपासनं चालत आलेली. कुठला काश्मीर, कुठलं लंडन, कुठला आमचा जांबोटीचा घाट. सगळीकडं तीच अट. बाहेरचं जे आहे ते एकटं काही करू शकत नाही, आपल्यातलं काहीतरी त्याला सामील व्हावं लागतं. लोभ, माया, कुतूहल, काहीही. मला वाटतं चांगल्या भयकथेचा जीव इथं आहे. नुसतं संकट अंगावर आलं तर तो अपघात. आपण उठलो, चार पावलं चाललो आणि कडीला हात घातला, ती भयकथा.

'तुंबाड' सिनेमा बघा, धारपांच्या एका कथेच्या आठवणीतनं तो सुरू झाला. त्यात राक्षसापेक्षा भयंकर काय आहे, तर पोतडीत पीठ घेऊन परत परत खाली उतरणारा माणूस, त्याला कुणी बोलावलेलं नाही, तोच जातो. २०१८ मध्ये आला तेव्हा फार चालला नाही, २०२४ च्या सप्टेंबरात परत थिएटरात लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. आणि त्यातला तो न थांबणारा पाऊस बघताना मला सारखा आमचा सोपा आठवत होता.

पावसाचं आणि भुताच्या गोष्टीचं काहीतरी आहे हे नक्की. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, नुसता पाऊस आणि गारठा. जिनिव्हाच्या तळ्याकाठी एका बंगल्यात काही तरुण माणसं अशीच पावसानं अडकली, भुताच्या गोष्टी वाचत बसली, आणि कवी बायरन म्हणाला की आपण प्रत्येकानं एक लिहूया. त्यातली मेरी, पुढची लेखिका मेरी शेली, तेव्हा फक्त १८ वर्षांची. त्यातनं १८१८ मध्ये तिची 'फ्रँकेन्स्टाइन' आली. त्याच घोळक्यातल्या डॉक्टर पोलिदोरीची पिशाच्चाची कथा १८१९ मध्ये, जिच्या वाटेवरनं पुढं ड्रॅक्युला आला. मला हे वाचताना त्या बंगल्याचा थाट दिसत नाही, दिसतं ते कांबळं. बाहेर पाऊस, जायला वाट नाही, अंधार, आणि चार-पाच जण एकमेकांना चिकटून. तिकडं केंब्रिजला एम. आर. जेम्स नावाचे विद्वान प्राध्यापक होते, ते दर नाताळात आपल्या मित्रांना खोलीत बोलावून स्वतः लिहिलेली भुताची कथा वाचून दाखवायचे. हिवाळा, शेकोटी, ऐकणारी माणसं. भीती ही मुळात एकट्यानं सोसायची गोष्ट, ती इथं वाटून घेता येते, आणि वाटून घेतली की तिची चव बदलते. कांबळ्यात माझ्या शेजारच्या चुलत बहिणीचा हात गार पडलेला मला कळायचा आणि त्यानं मला धीर यायचा, ती पण घाबरलीय म्हणजे मी एकटा नाही.

लॉकडाऊनमध्ये माझा भाचा आमच्याकडं अडकला होता, रात्रभर हेडफोन लावून युट्यूबवर मराठी भयकथा ऐकायचा. बहीण फोनवर काळजी करायची, आधीच वातावरण असं आणि हा पोरगा भुताचं काय ऐकूलालाय. मला मात्र ते कळत होतं. बाहेर जे चाललं होतं त्याला तोंड नव्हतं, शेवट नव्हता, नियम रोज बदलत होते. भुताच्या गोष्टीला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि नियम तर पक्का, तिसऱ्या हाकेपर्यंत थांब. पुढं २०२१ मध्ये एक अभ्यास छापून आला, डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठातले, भीतीच्या आनंदावरच काम करणारे लोक त्यात होते, त्यात असं दिसलं की भयपटांची आवड असलेली माणसं महामारीच्या सुरुवातीच्या महिन्यांत मनानं कमी खचली. त्यावरनं मोठा सिद्धांत मांडायची माझी पात्रता नाही. पण भाच्याला मी एकदा विचारलं, एवढं का ऐकतोस, तर म्हणाला, "मामा, ह्यातली भीती मी पॉज करू शकतो."

आता एक गोष्ट राहिली. कॉलेजात इंग्रजीला 'मंकीज पॉ' होती, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची, १९०२ ची. म्हातारा-म्हातारी, त्यांचा एकुलता मुलगा, माकडाचा एक वाळलेला पंजा जो तीन इच्छा पुऱ्या करतो. पैसे मागतात, पैसे येतात ते मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मेला त्याचे. मग आई हट्ट धरते, त्याला परत माग. बाप मागतो. रात्री दारावर थाप पडते. आई धावत जाते, वरची कडी तिच्या हाताला येत नाही, ती खुर्ची ओढते, आणि इकडं बाप अंधारात जमिनीवर तो पंजा चाचपडतोय कारण त्याला माहीत आहे की दहा दिवसांपूर्वी मेलेलं आणि यंत्रानं छिन्नविच्छिन्न झालेलं जे दारात उभं आहे ते तिनं बघता कामा नये. त्याला पंजा सापडतो, तो तिसरी इच्छा मागतो, थाप थांबते, दार उघडतं. रस्त्यावर कुणी नाही.

वर्गात ती ऐकताना मी पूर्ण बापाच्या बाजूनं होतो. लवकर, लवकर, सापडू दे. आईचा मला राग येत होता, हिला कळत कसं नाही? तेव्हा मी १८ वर्षांचा होतो आणि आमच्या घरातलं कुणी गेलेलं नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या वर्षी आषाढात आज्जा गेला. बारावं झालं, पाहुणे गेले, आप्पांची सुट्टी संपली, मला म्हणाले तू आठ दिवस राहा तिच्यासोबत. पाऊस तसाच. चौथ्या का पाचव्या रात्री मला थंडी वाजून जाग आली. वारा थेट अंगावर येत होता. उठून बघतो तर सोप्याचं दार सताड उघडं, कंदील जमिनीवर, आणि आज्जी उंबरठ्यावर बसलेली. जन्मभर आम्हाला ओरडली, उंबरठ्यावर बसू नका म्हणून.

"आज्जे, काय करूलालीस?"

"हाक आली."

माझ्या पोटात गोळा आला, ती सगळी पुस्तकं वाचलेल्या माझ्या. मी तिला विचारलं, कितवी?

"पहिलीच."

मी काहीच बोललो नाही. तिनंच मग माझ्याकडं न बघता, बाहेर बघत, अगदी भाकरी थापताना बोलायची तसल्या साध्या आवाजात सांगितलं, "नावानं मारली असती तर उठले नसते. गे म्हणून मारली."

आज्जानं तिला आयुष्यात नावानं हाक मारली नव्हती. त्या पिढीत कुणी मारतच नव्हतं. गे, ऐकलीस काय, एवढंच. आणि हाकामारीला फक्त नाव माहीत असतं.

दार लावूया असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पाऊस सोप्यात येत होता, कंदिलाची काच ओली होऊन चरचरत होती, परसाकडचं काही दिसत नव्हतं. मी आत जाऊन कांबळं आणलं, अर्धं तिच्या अंगावर टाकलं, अर्धं माझ्या, आणि तिच्या शेजारी उंबरठ्यावर बसलो. भीती वाटत होती, खूप वाटत होती. आणि दुसऱ्या हाकेसाठी आम्ही दोघंही कान देऊन बसलो होतो.